ड्रायव्हरकाकांचं एकच खोटं

ड्रायव्हरकाका कुठलीही गोष्ट सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायचे. एसटीत बत्तीस वर्षं काढली, त्यात ती सवय अंगात मुरली. डेपोतून गाडी काढायची तर आधी प्रत्येक टायरवर थाप मारत, वाकून तेल गळतंय का ते बघत, मागची शिडी हलवत पूर्ण चक्कर, आणि मगच केबिनचं दार. निवृत्त झाल्यावर गाडी गेली, फेरी राहिली. घरी गॅसचा सिलिंडर आला की त्याच्याभोवती फेरी. शेजाऱ्याने स्कूटर घेतली तर पेढा तोंडात टाकण्याआधी स्कूटरभोवती फेरी. भाचीला बघायला मुलगा आला, तेव्हा हा माणूस उगाच त्याच्या खुर्चीमागून एकदा जाऊन आला. काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, तो नवरामुलगा आहे, टायर नव्हे!"

माझं रत्नागिरीजवळ कुवारबावला औषधांचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन खणांची टपरीच, पण लायसन भिंतीवर फ्रेम करून लावलेलं. काका रोज सकाळी दूध घेऊन परतताना यायचे, शटरची पट्टी हलवून बघायचे, पायरीच्या सुटलेल्या चिऱ्यावर पाय दाबून बघायचे आणि मग आत मान घालायचे. "सुध्या, चिरा हलतोय. कोणतरी म्हातारी पडेल, मग बसशील बोंबलत." मी पन्नाशीला आलेला, डोक्यावर केस नावाला उरलेले, पण वडील गेल्यानंतर मला सुध्या म्हणणारा हा एकच माणूस गावात राहिला होता. तो चिरा मी आज बसवतो, उद्या बसवतो करत कधीच बसवला नाही.

खोटं म्हणून बोलायचे नाहीत. ह्याचा लोकांना त्रासच व्हायचा. पाहुण्यांना गेल्यावर "आमटी खारट झालीय हो वहिनी" असं तोंडावर सांगणारा माणूस कोणाला आवडेल? पण नोकरीतही तसेच. एकदा रिकामी गाडी वळवताना मागच्या बाजूने एका घराच्या कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा पाडला. घराचे मालक मुंबईला, घराला कुलूप, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कंडक्टर म्हणाला, चला मास्तर, कोण बघतंय. ह्यांनी गाडी डेपोत लावली आणि स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध अर्ज लिहून दिला. मेमो मिळाला. पुढच्या रविवारी गवंडी घेऊन गेले आणि गडगा बांधून आले. मी विचारलं, "काका, हे जरा अतीच नाही का?" तर म्हणाले, "गाडीला कळतं रे. खोटं बोलून चालवली की वळणावर दगा देते." असल्या माणसाशी वाद काय घालणार!

आता माझ्या पापाकडे येतो. उगाच लांबवण्यात अर्थ नाही.

निवृत्तीच्या आधीपासूनच काकांची कंबर गेली होती. ड्रायव्हरच्या सीटवर बत्तीस वर्षं आदळणाऱ्या माणसाची ती जाणारच, त्यात आमचे रस्ते म्हणजे विचारू नका. पाठोपाठ गुडघे धरले. एका हाडांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांची दुखण्याची गोळी लिहून दिली होती, गुलाबी रंगाची. पाच दिवस संपले. सहाव्या दिवशी काका दुकानात आले आणि म्हणाले, "सुध्या, ते डिझेल टाक जरा. गाडी हलत नाय त्याच्याबिगर." मी टाकलं. तेव्हापासून अकरा वर्षं टाकत होतो. सकाळी एक, संध्याकाळी एक, आंब्याच्या दिवसांत मेव्हण्याच्या बागेत राबायला गेले की तीन. त्यांची पट्टी मी काउंटरखाली वेगळी ठेवायचो. ते आले की मागायच्या आत पुढे सरकवायचो आणि त्यातच मला मोठा आपलेपणा वाटायचा.

मी अगदीच अडाणी होतो असं नाही. दुखण्याच्या गोळीने पोटात जखमा होतात, हे मी कॉलेजात शिकलो होतो. म्हणून मी प्रत्येक पट्टीबरोबर ॲसिडिटीची गोळीही द्यायचो. "ही उपाशीपोटी घ्या, म्हणजे पोट सांभाळलं जाईल," असं सांगायचो, आणि इतर दुकानदार हेसुद्धा करत नाहीत म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायचो. शहाणा माणूस मी!

आणि आमच्याकडे ह्या गोळीला औषध कोण म्हणतं? बीपीची गोळी हे औषध, साखरेची गोळी हे औषध. अंगदुखीची गोळी म्हणजे चहाबरोबरचं बिस्कीट. डॉक्टरने विचारलं, "काय काय औषधं चालू आहेत?" तर निम्मी रत्नागिरी सांगेल, "काय नाय हो, मला औषधाची सवयच नाय." आणि खिशात पट्टी असेल.

दोन वर्षांपूर्वी गणपती झाल्यावर काका पांढरे दिसायला लागले. पायरी चढून आले की काउंटरला धरून उभे राहायचे. काकूंनी मला हळूच सांगितलं, शौचाला डांबरासारखं काळं होतंय. रक्त तपासलं तर अंगात निम्मंच रक्त. इथल्याच रुग्णालयात दोन बाटल्या चढवल्या. तोंडातून दुर्बीण घालून जठर बघितलं, स्वच्छ. खालून दुर्बीण घालून मोठं आतडं बघितलं, तेही स्वच्छ. रक्त मात्र जातच होतं. डॉक्टर म्हणाले, मधलं लहान आतडं उरलं, ते लांबच लांब आणि वेटोळ्यांचं, ह्या दोन्ही दुर्बिणी तिथपर्यंत पोचत नाहीत.

काकांना हे एका क्षणात समजलं. खाटेवर बसून काकूंना समजावत होते, "हे बघ, एक गाडी मुंबईवरून निघाली ती चिपळूणला थांबली. दुसरी गोव्यावरून निघाली ती हातखंब्याला थांबली. दोघंही म्हणतात, आमचा रस्ता चांगला. मग अपघात मधेच कुठंतरी झालाय ना? तिथं कोण गेलंच नाय अजून." त्या तपासणीचं एवढं सोपं वर्णन मी नंतर कुठल्याच डॉक्टरकडून ऐकलं नाही.

त्या मधल्या रस्त्यावर जाणारी गाडी कोल्हापूरला होती. कॅमेरा बसवलेली कॅप्सूल. गिळायची, आणि ती आतड्यातून आपोआप सरकत, फोटो काढत जाते, ते फोटो कमरेच्या पट्ट्यावरच्या यंत्रात उमटतात. काकांची मुलगी विरारला, तिचं बाळंतपण जवळ आलेलं. म्हणून काका-काकूंना माझ्या गाडीतून मीच घेऊन गेलो. निघायच्या आधी काकांनी माझ्या गाडीभोवती फेरी मारली. मागचा डावा टायर मऊ आहे म्हणाले, आणि पालीला थांबवून हवा भरायला लावलीच.

तिथल्या पोटाच्या डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या. घाई नव्हती त्यांना. काका, मी आणि काकू अशा तिघांना समोर बसवून त्यांनी कागदावर आतडं काढून दाखवलं. म्हणाल्या, "काका, ही तपासणी सोपी आहे. भूल नाही, दुखत नाही. एक-दोन दिवसांत कॅप्सूल शौचावाटे पडून जाते. धोका एकच. आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर ती तिथे अडकून बसते. मग काढायला लांब दुर्बीण घालावी लागते, नाहीतर ऑपरेशन. म्हणून आधी काही प्रश्न विचारते, त्यांची खरी उत्तरं द्या. पोटाचं कधी ऑपरेशन झालंय? टीबी? जेवल्यावर कळ येते, पोट फुगतं? आणि दुखण्याच्या गोळ्या, बरेच महिने, बरीच वर्षं घेतल्यात का? घेतल्या असतील तर घाबरायचं काही नाही. आपण आधी एक नुसती, बिनकॅमेऱ्याची कॅप्सूल देऊ. ती अडकली तर आतल्या आत विरघळून जाते. ती पार झाली, तरच खरी द्यायची."

म्हणजे बाई फेरीच मारत होत्या. गाडी काढण्याआधी टायरवर थाप. काकांइतकं हे दुसऱ्या कोणाला कळलं असेल?

काका माझ्याकडे बघायला लागले. अर्धा मिनिट असेल, जास्त नाही. काकूंचं लक्ष त्या कागदावरच्या आतड्यावर होतं. त्या घरातल्या गोळ्या मोजणाऱ्यांतल्या नव्हत्या. मला कळलं की ते माझी परवानगी मागतायत. मी फक्त मान हलवायची होती. पण माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवरचं लायसन आलं. बाई लिहिणार, कोणी दिल्या, चिठ्ठी कुठाय, बिलं कुठायत. चोराच्या मनात चांदणं. मी मान खाली घालून मोबाईल बघायला लागलो. मोबाईलवर काहीही नव्हतं.

"नाय," ड्रायव्हरकाका म्हणाले. "तसलं काय घेत नाय मी."

बाईंनी परत विचारलं, "अगदी कंबरदुखीलासुद्धा नाही? ड्रायव्हर होता म्हणालात ना?"

"शेक घेतो," काका म्हणाले.

त्यांनी तसं लिहून घेतलं. लिहितील नाहीतर काय करतील? पेशंट शुद्धीवर, नातेवाईक शेजारी बसलेला, तोही औषधांच्या धंद्यातला. मी अजून मोबाईलच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी काकांनी कॅप्सूल गिळली. कमरेला पट्टा, पट्ट्याला यंत्राची पिशवी. रुग्णालयाच्या आवारात ते दिवसभर ती पिशवी सांभाळत फिरले. "बघ गो," काकूंना म्हणाले, "जन्मभर ड्रायव्हर, आणि शेवटी बॅग अडकवून कंडक्टर केलान मला." काकू हसल्या. मीही हसलो, एवढा निर्लज्ज मी!

परतताना आंबा घाटात चहाला थांबलो. काकू टपरीत बसल्या होत्या. काका गाडीभोवती फिरून आले आणि मागच्या टायरपाशी उभे राहून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तोंड कशाला पाडून बसलायस मेल्या? तुझी पोरगी अजून शिकतेय. दुकान गेलं तर काय आंबे विकणार तू? एकदा समोरून येणाऱ्याला वाचवायला मी राँग साईडला घातली होती गाडी. काय झालं नाय." मी म्हणालो, "काका, आपण फोन करून सांगूया का?" ते म्हणाले, "आता गिळली ना? झालं. चहा पी, निवतोय." आणि मी तो चहा प्यालो.

चार दिवसांनी बाईंचा फोन आला, माझ्याच नंबरवर. फोटोंत जखमा दिसत होत्या, आणि पुढे एके ठिकाणी आतडं आतून कडं घातल्यासारखं आवळलेलं होतं. शेवटचे फोटो सगळे त्याच कड्यापाशी काढलेले. "कॅप्सूल पडली का?" त्यांनी विचारलं. पडली नव्हती. काका रोज बघत होते, जसे रोज टायर बघायचे. मग त्या म्हणाल्या, "मला खरं सांगा हं, अशी कडी बहुतेक वेळा दुखण्याच्या गोळ्यांनीच होतात. ते नक्की घेत नाहीत?"

देव कोणाला दुसरी संधी देत नाही म्हणतात. मला दिली होती, फोनवर, फुकट. मी म्हणालो, "विचारून सांगतो." आणि त्या दिवसापासून काकांना गुलाबी गोळी द्यायची बंद केली. माल संपलाय म्हणून सांगितलं. ते काय ते समजले, काठी घेऊन चालायला लागले. बाईंना मात्र मी उलटा फोन केला नाही. उद्या करू, परवा करू. पायरीच्या चिऱ्यासारखंच.

पंधरा दिवसांनी एक्स-रे काढला. कॅप्सूल तिथेच, बोटाच्या पेराएवढी, पांढरी. बाई म्हणाल्या होत्या की त्रास नसेल तर थोडी वाट बघू, नाहीतर दुर्बिणीने पोचायचा प्रयत्न करू, पण पोट फुगलं किंवा उलटी झाली तर तासाचाही उशीर करू नका. एका सकाळी पोट फुगलं आणि उलट्या सुरू झाल्या. पुन्हा तोच घाट. काका मागच्या सीटवर आडवे, आणि तशातही मला सांगतायत, "दुसऱ्या गिअरवर उतर रे, ब्रेकवर नको राहू." पहिल्यांदाच गाडीभोवती फेरी न मारता आम्ही निघालो होतो.

ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर आले, त्यांच्याबरोबर त्या बाईही होत्या; काकू तेव्हा खालच्या मंदिरात गेल्या होत्या. हातभर आतडं काढावं लागलं होतं, त्यात एक नाही, तीन कडी. सर्जन म्हणाले, "हा माणूस वर्षानुवर्षं गोळ्या खातोय. कोण देत होतं ह्यांना?" मी म्हणालो, "मी." बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! मी ॲसिडिटीच्या गोळीचंही सांगितलं, वाटलं तेवढाच माझा गुन्हा हलका होईल. बाई शांतपणे म्हणाल्या, "ती गोळी जठर सांभाळते. पुढच्या आतड्याला तिचा उपयोग नाही. म्हणून तर वरचा भाग स्वच्छ दिसला आणि सगळे फसले." मग म्हणाल्या, "त्या दिवशी खरं सांगितलं असतंत तर मी आधी ती विरघळणारी दिली असती. एवढंच करायचं होतं." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या कॅप्सूलला मी दोष देत नाही. तिने तिचं काम चोख केलं. जिथे कोणी पोचत नव्हतं तिथे पोचली आणि जे होतं ते दाखवलं. तिथं पोचायच्या आधी जे विचारतात, ते खरं सांगायचं असतं. ते आम्ही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी काकांना म्हणालो, "मी सांगितलं त्यांना." नाकात नळी होती, आवाज खोल गेला होता. म्हणाले, "कशाला सांगितलंस? आता काय मेमो देणारेत काय मला?" मग छताकडे बघत म्हणाले, "चूक माझीच रे. फेरी मारली, पण जो टायर मऊ आहे म्हणून ठाऊक होतं, त्याच्यावरच थाप मारली नाय." मी रडायला लागलो तर म्हणाले, "गप. काकूला ह्यातलं काय बोलायचं नाय. ती तुला घरच्यासारखं मानते."

पाचव्या दिवशी आतला टाका सुटला. अंगात रक्त नव्हतं, ताकद नव्हती. पुन्हा उघडलं, पुन्हा शिवलं. नवव्या दिवशी काका गेले. मुलगी विरारहून पोचू शकली नाही, तिला त्याच आठवड्यात मुलगा झाला होता. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने निघताना सरळ दार उघडून गाडी सुरू केली, तेव्हा मी त्याला थांबवलं आणि म्हणालो, एकदा फिरून बघ. तो वैतागून फिरला. घरी पोचलो तेव्हा आळीतली माणसं अंगणात जमलेली होती.

काकूंना मी काही बोललो नाही. काकांची शपथ असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे त्या आडोशाला मी लपलो होतो.

चार महिन्यांनी एक दिवस काकू दुकानात आल्या. तो हलणारा चिरा चुकवून, गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढल्या. म्हणाल्या, "सुधीर, गुडघ्यांनी अगदी जीव काढलाय बघ. ह्यांची ती गुलाबी गोळी असायची ना, ती दे एक पट्टी. ह्यांना बरी लागू पडायची."

काउंटरखालचा तो कप्पा अजून तसाच होता, रिकामा. मी म्हणालो, "काकू, डॉक्टरची चिठ्ठी लागते त्याला."

"गुडघ्याच्या गोळीला चिठ्ठी?" त्या नवलाने बघत राहिल्या. मग त्यांना वाटलं असावं, विधवा झाले म्हणून हाही बदलला. "राहू दे रे बाबा," म्हणाल्या आणि उतरून समोरच्या दुकानात गेल्या. तिथे त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. त्या पट्टी पदराला बांधत बाहेर आल्या, तेव्हा मी दुकान उघडं टाकून रस्ता ओलांडला. भर रस्त्यात त्यांच्या हातातून पट्टी काढून घेतली आणि सगळं सांगितलं. अकरा वर्षं, कोल्हापूर, बाईंचा प्रश्न, माझा मोबाईल, काकांचं "नाय". मागून रिक्षा हॉर्न मारत होत्या.

काकू ऐकत राहिल्या. माझ्या मुठीतल्या त्या पट्टीकडे बघत फक्त एवढंच म्हणाल्या, "आणि ह्यांच्याकडे कधी मागितलीस रे, चिठ्ठी?"